अँटिऑक्सिडंटची बाटली घेण्याआधी: इन्सुलिन रेझिस्टन्स कसा मोजायचा आणि ताटातून कसा कमी करायचा

हल्ली कुणाचाही हेल्थ चेकअपचा रिपोर्ट बघा, फास्टिंग शुगर नॉर्मल, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.६ नाहीतर ५.८, आणि तरी पोट सुटलेलं, सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर, ट्रायग्लिसराइड दोनशेच्या पुढे. मग कुणीतरी म्हणतं हा इन्सुलिन रेझिस्टन्स आहे, माणूस रात्री मोबाईलवर शोधायला बसतो, तिथे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्द भेटतो, आणि अजून चार क्लिक केले की तो थेट अँटिऑक्सिडंट कॅप्सूलच्या बाटलीपाशी पोचलेला असतो. साठ गोळ्या, बाराशे रुपये, वर डिस्काउंट. त्या चार क्लिकच्या मधेच कुठेतरी थांबायचं असेल तर पुढचं वाचा.

आधी या दोघांचा संबंध काय ते बघू, फार खोलात न जाता. पेशीला लागते त्यापेक्षा जास्त साखर आणि चरबी आत येत राहिली की ती जाळताना मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, ऑक्सिजनचे तिखट रेणू तयार होतात, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे. हे रेणू थोडे असतील तर कामाचेच असतात बरं का, इन्सुलिनचा निरोप पेशीत नीट पोचायला थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड लागतंच. पण ते वाढत गेले, यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, की निरोप पोचवणारी साखळी मधेच अडते, पेशी इन्सुलिनचं ऐकत नाही, मग स्वादुपिंड अजून इन्सुलिन सोडतं, आणि शुगर बरीच वर्षं नॉर्मल दिसत राहते कारण मागे दुप्पट इन्सुलिन राबत असतं. २००६ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग आला होता, त्यात चरबीच्या पेशींमध्ये दोन अगदी वेगळ्या मार्गांनी इन्सुलिन रेझिस्टन्स तयार केला तर दोन्हीकडे हे रेणू वाढलेले दिसले, आणि ते कमी केल्यावर रेझिस्टन्सही कमी झाला. म्हणजे संबंध आहे, थोतांड नाहीये.

रक्तातही तसंच दिसतं. स्टॅनफर्डच्या लोकांनी २००० मध्ये वरवर ठणठणीत माणसं तपासली तर ज्यांचा इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त त्यांच्या रक्तात कॅरोटिनॉइड आणि व्हिटॅमिन ई हे अँटिऑक्सिडंट, म्हणजे ते तिखट रेणू निकामी करणारे पदार्थ, कमी. इंग्लंडमध्ये नॉरफोकला २१ हजारांवर लोकांचं व्हिटॅमिन सी मोजून बारा वर्षं वाट बघितली, २००८ मध्ये निकाल आला, ज्यांची पातळी सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्शात त्यांना डायबेटिस होण्याची शक्यता सगळ्यात खालच्यांपेक्षा ६२ टक्के कमी. हे वाचून कुणालाही वाटणार की चला, गोळी घेऊ, पातळी वाढवू, विषय संपला.

तर ते करूनही बघितलंय. अमेरिकेत २२ हजार डॉक्टरांवर अभ्यास झाला, निम्म्यांना एक दिवसाआड ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन, निम्म्यांना खोटी गोळी, बारा वर्षं. डायबेटिसमध्ये फरक शून्य. मग तिथेच हजारो बायकांवर व्हिटॅमिन सी, ई आणि बीटा-कॅरोटिन तिन्ही तपासलं, नऊ वर्षं, २००९ मध्ये निकाल, पुन्हा काही नाही. आणि फिनलंडची कथा तर याहून वाईट, १९९४ मध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांच्या अभ्यासात बीटा-कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त झाला. जास्त!

मग नॉरफोकच्या लोकांचं काय? त्यांच्या रक्तात व्हिटॅमिन सी भरपूर होतं कारण ते फळं-भाज्या भरपूर खात होते, आणि बहुतेक बाकीचंही नीट जगत होते. रक्तातली पातळी म्हणजे तुम्ही कसे जगताय याची खूण आहे, ती खूण गोळीने वर ढकलली तर जगणं बदलत नाही. चुलीत ओली लाकडं घातली की घरभर धूर होतो, त्यावर पंखा लावून काय होणार, लाकडं काढायला पाहिजेत. इथे ओली लाकडं म्हणजे पोटातली चरबी, न वापरलेले स्नायू, सतत येत राहणारी साखर, तंबाखू, अर्धवट झोप. पुढे जे सांगतोय ते सगळं या लाकडांबद्दल आहे.

टेस्ट: कुठली करायची, कुठली सोडून द्यायची

पॅकेजमध्ये टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी नावाची टेस्ट असेल तर ती सोडा. कारण गमतीशीर आहे. प्लाझ्माची, म्हणजे रक्तातल्या पातळ भागाची, ही जी ताकद मोजतात तिच्यात मोठा वाटा युरिक अ‍ॅसिडचा असतो. आता इन्सुलिन रेझिस्टन्स असलेल्या माणसाच्या रक्तात इन्सुलिन जास्त, जास्त इन्सुलिनमुळे किडनी युरिक अ‍ॅसिड कमी बाहेर टाकते, ते रक्तात वाढतं, आणि रिपोर्टवर अँटिऑक्सिडंट ताकद छान दिसते. म्हणजे अंगठा सुजलाय युरिक अ‍ॅसिड साठून होणाऱ्या गाउटने आणि रिपोर्ट म्हणतोय एक्सलंट. व्हिटॅमिन सीची टेस्टही घरून सँपल उचलून घेणाऱ्यांकडे करू नका, ते फार नाजूक असतं, उजेडात आणि गरमीत पटकन मोडतं, बॅगेत दोन तास शहरभर फिरलं तर जो आकडा येईल तो तुमचा नसून त्या प्रवासाचा असेल. संशोधनात त्याला अर्थ आहे, आपल्याला नाही.

करायची ती साधी टेस्ट: फास्टिंग ग्लुकोज आणि फास्टिंग इन्सुलिन, दोन्ही एकाच वेळच्या रक्तातून. मग हिशोब तुम्हीच करा, ग्लुकोज गुणिले इन्सुलिन भागिले ४०५. याला होमा-आयआर म्हणतात, ऑक्सफर्डमध्ये १९८५ ला काढलेलं गणित आहे. समजा शुगर ९४ आली आणि इन्सुलिन १८, तर ९४ गुणिले १८ म्हणजे १६९२, भागिले ४०५, आलं जवळपास ४.२. शुगर ९० आणि इन्सुलिन ७ असतं तर १.६ आलं असतं. साधारण २ ते २.५ च्या वर गेलं की लक्ष द्यायचं असं बरेच डॉक्टर धरतात, जगभर एकच सीमारेषा अशी नाहीये, आणि लॅबनुसार थोडं इकडेतिकडे होतं.

यातली खरी मेख अशी की इन्सुलिन १८ आलं तर रिपोर्टवर काहीही लाल किंवा ठळक दिसत नाही, कारण बऱ्याच लॅबच्या कागदावर नॉर्मल रेंज २.६ ते २४.९ छापलेली असते. इतकी ऐसपैस रेंज बघून माणूस रिपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकतो. म्हणून गुणाकार करायचा, रेंज बघून गप्प बसायचं नाही.

टेस्टच्या आधी काही पथ्यं पाळा, नाहीतर पैसे वाया. दहा-बारा तास पोट रिकामं, पाणी चालतं, सकाळचा दूध-साखरेचा चहा चालत नाही (एवढासाच घेतला होता, हे वाक्य लॅबवाल्यांना पाठ आहे). आदल्या दिवशी एकादशी असेल आणि दिवसभर साबुदाणा, बटाटा, वरीचे तांदूळ झाले असतील तर टेस्ट दोन दिवस पुढे ढकला. ताप, इन्फेक्शन, नुकतंच ऑपरेशन असेल तर दोन-तीन आठवडे थांबा. आणि केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल तर ती महत्त्वाची गोष्ट आहे, बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे काही मशीनवर इन्सुलिन खोटंच कमी येतं, थायरॉइडचेही आकडे चुकतात, त्यामुळे दोन-तीन दिवस आधी ती बंद ठेवा आणि लॅबला सांगा. रिपोर्टवर युनिट बघायला विसरू नका, इन्सुलिन पिकोमोलमध्ये दिलं असेल तर आधी सहाने भागा, मग वरचं गणित. आणि हे गणित इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी नाही.

एचबीए१सी कराच, पण त्याच्याबरोबर हिमोग्लोबिनही बघा. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता किती आहे ते सांगायला नको, आणि लोह कमी असलं की एचबीए१सी खोटंच वर येतं. म्हणजे ६.१ बघून घाबरलेल्या बाईला कदाचित आधी लोह भरायची गरज असते. उलट थॅलेसेमिया मायनर किंवा जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर हा आकडा भलतीकडेच नेतो. अशा वेळी जेवणानंतरची किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली टेस्ट जास्त खरं सांगते.

फास्टिंग इन्सुलिनला पैसे घालवायचे नसतील तर जुन्याच रिपोर्टवर दोन गोष्टी बघा. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने (चांगल्या कोलेस्टेरॉलने) भागा, ३ च्या वर गेलं तर संशय घ्या. आणि लिव्हरच्या टेस्टमध्ये जीजीटी नावाची ओळ असते तिच्याकडे कुणी बघत नाही. हे एन्झाइम ग्लुटाथायोनशी जोडलेलं आहे, आणि ग्लुटाथायोन म्हणजे शरीर स्वतःच बनवतं तो मुख्य अँटिऑक्सिडंट. दारू न पिणाऱ्या माणसाचा जीजीटी वरच्या टोकाला असेल तर बहुतेक वेळा लिव्हरमध्ये चरबी साठत असते. काही औषधांनीही वाढतो, तेव्हा एकट्या त्याच्यावर काही ठरवू नका. महागड्या अँटिऑक्सिडंट पॅनेलपेक्षा मला ही ओळ जास्त आवडते.

आणि सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, ही आपल्या भारतीयांसाठीची मर्यादा. पँटचा नंबर धरू नका, आपण सगळे पँट पोटाच्या खाली घालतो. मान किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसत असेल, मानेवर बारीक चामखिळी येत असतील, तर तेही इन्सुलिन रेझिस्टन्सचं लक्षण असू शकतं, घासणीने घासून ते जात नाही. मुलींना पाळी लांबते आणि पीसीओडी सांगितलाय तर हीच टेस्ट त्यांनाही लागू.

वजन कमी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी उभा असलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तोच, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपलं हाडापेराने बारीक आणि आतून चरबीवालं शरीर एका फोटोत कळतं. तेव्हा बारीक माणसानेही टेप लावावी.

ताट: गोळीऐवजी काय

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या ताटात दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ आहे. आता आपलं रोजचं ताट आठवा, चार पोळ्या, भाताचा डोंगर, वरण, आणि कोपऱ्यात दोन चमचे बटाट्याची भाजी, वर म्हणायचं आम्ही घरचंच खातो. ४०० ग्रॅम म्हणजे एका माणसाला दोन्ही जेवणांत मिळून तीन-चार वाट्या शिजलेली भाजी आणि कोशिंबीर. पहिला बदल हाच, भाजी आणि कोशिंबीर आधी वाढा, अर्धं ताट त्याने भरलं की मग उरलेल्या जागेत पोळी-भाकरी आणि वरण-उसळ. कुठलंही सुपरफूड आणायच्या आधी हे एवढं आठवडाभर करून बघा, कठीण जातं, विशेषतः सकाळी डबा भरताना. डब्यासाठी सोपी युक्ती म्हणजे भाजीचा डबा मोठा आणि पोळीचा छोटा, उलटं नाही.

भाजी कुठली, तर पालेभाजी रोज एक. मेथी, शेपू, चवळी, लाल माठ, आंबट चुका, शेवग्याचा पाला, जे मंडईत जुडीने मिळतं ते. यांच्यातलं कॅरोटिन तेलात विरघळतं, म्हणून नुसती उकडून खाण्यापेक्षा चमचाभर तेलाची फोडणी आणि वर दाण्याचं कूट घातलेली आपली नेहमीची पालेभाजीच बरोबर आहे. डाएट म्हणून बिनतेलाची पालेभाजी खाणाऱ्यांचा हा थोडा तोटाच होतो. टोमॅटोचंही तसंच, त्यातलं लायकोपिन कच्च्यापेक्षा तेलात शिजल्यावर जास्त अंगी लागतं, तेव्हा टोमॅटोचं सार, टोमॅटो-कांद्याची भाजी चांगली. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी मिळाली तर सोडू नका, त्या मावशींकडून कशी करायची ते विचारून घ्या, त्या सांगतात आणि एक जुडी जास्तीची गळ्यातही मारतात.

व्हिटॅमिन सी मात्र उलट स्वभावाचं. पाण्यात विरघळतं, उष्णतेने जातं. भाजी आधी धुवायची मग चिरायची, चिरून पाण्यात ठेवायची नाही, उकळलेलं पाणी टाकायचं नाही, वरणात घालायचं. आणि यासाठी किवी, ब्लूबेरी, काहीही इंपोर्टेड नको, पेरू घ्या. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी असतं, आणि दिवसाची शिफारस आहे पुरुषांना ८० आणि बायकांना ६५. म्हणजे अर्धा पेरू. आवळा पेरूच्याही वर. लिंबू पिळणं चांगलंच, पण अर्ध्या लिंबातून दहाएक मिलिग्रॅमच काय ते मिळणार, सकाळच्या कोमट पाण्यातल्या लिंबाने इन्सुलिन रेझिस्टन्स जातो वगैरे विसरा, त्याचा खरा उपयोग पालेभाजीतलं लोह शोषायला होतो. आणि शरीराचीही एक मर्यादा आहे, दिवसाला दोनशे-चारशे मिलिग्रॅमच्या पुढे कितीही घेतलं तरी रक्तातली पातळी फारशी वर जात नाही, उरलेलं लघवीतून जातं. हजारची फसफसणारी गोळी म्हणजे बरंचसं महागडं लघवीचं पाणी, आणि मुतखडा होण्याची सवय असलेल्या पुरुषांना तर धोकाच.

आवळा कसा खायचा यावर मात्र सगळं अवलंबून. मोरावळा म्हणजे साखर, आवळा कँडी म्हणजेही साखर, बाटलीतला सरबताचा सिरप म्हणजे तर विचारूच नका. कच्चा किसून मीठ-मिरची लावून, किंवा ताज्या चटणीत खोबऱ्या-कोथिंबिरीबरोबर वाटून, किंवा कोशिंबिरीत किसून. हिवाळ्यात रोज एक पुरे. फळं चावून खा, रस काढलात की तंतू गेले आणि चार संत्र्यांची साखर एका घोटात गेली. जांभूळ, करवंद, बोरं, कोकम, सीझनला जे येईल ते, जांभळा रंग ज्यात आहे त्यात अँथोसायनिन असतं, चांगलं आहे, पण वर्षभर जांभळाच्या बियांची पावडर खाऊन शुगर आटोक्यात ठेवणारे आणि औषध सोडणारे काका प्रत्येक कॉलनीत एक असतात, तसं करू नका. कोकम सरबतात साखर टाकायची असेल तर सोलकढी केलेली बरी.

व्हिटॅमिन ई साठी शेंगदाणे, सूर्यफूल किंवा करडईचं तेल, बदाम परवडले तर बदाम. जवस आणि कारळ्याच्या चटण्या करून ठेवा, चमचाभर रोज, ताटाला चव येते म्हणजे भाजी जास्त जाते. पण तेल ते तेल, घाणीचं असलं तरी. एका माणसाला दिवसाला पाच-सहा चमच्यांच्या आत ठेवा आणि तळणीतलं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, त्यात नेमके तेच ऑक्सिडाइझ झालेले पदार्थ तयार होतात ज्यांच्यापासून आपण पळतोय. वडापाववाल्याच्या कढईबद्दल वेगळं लिहायची गरज नाही.

हळदीचं म्हणाल तर फोडणीत घाला, भरपूर घाला, कर्क्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. ग्रीन टी प्यायला हरकत नाही, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत, त्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि गोरं व्हायचं ग्लुटाथायोनचं सलाइन हे इन्सुलिनसाठी म्हणून कुणी खपवत असेल तर उठून या तिथून.

त्यापेक्षा ग्लुटाथायोन शरीराला घरीच बनवू द्या, त्याला कच्चा माल प्रोटीनमधून मिळतो. आपल्या ताटात प्रोटीन कमी पडतं हे खरंच आहे, वरण म्हणजे बहुतेक वेळा पिवळं पाणी. घट्ट वरण, मटकी-मुगाची उसळ, कुळथाचं पिठलं, अंडी, मासे, ताक, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन आणि पोटॅशियमवाल्या भाज्या-फळांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच, आणि रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक दुप्पट करू नका, रोज साधारण तेवढीच ठेवा.

व्यायाम, आणि त्याच्याबरोबर गोळी का नको

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २००९ मध्ये जर्मनीत तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, निम्म्यांना रोज हजार मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि चारशे युनिट व्हिटॅमिन ई दिलं. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांची इन्सुलिन सेन्सिटिव्हिटी सुधारली, आणि ज्यांनी घेतल्या त्यांची सुधारलीच नाही. कारण व्यायाम करताना स्नायूत तेच तिखट रेणू थोडे तयार होतात, आणि त्यांच्यामुळेच शरीर जागं होऊन स्वतःची अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स वाढवतं. गोळीने तो निरोपच पुसून टाकला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत इतकं स्वच्छ चित्र आलं नाही, पण जिमच्या काउंटरवरून मल्टीव्हिटॅमिनचा मोठा डबा उचलण्याआधी विचार करायला एवढं पुरेसं आहे.

करायचं काय, तर दोन गोष्टी. एक, जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायचं, विशेषतः रात्री, सीरियल पॉज करून. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर आत घेतो, म्हणून या चालण्याला वेगळी किंमत आहे. दुसरी, आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण. इन्सुलिनच्या जोरावर जी साखर रक्तातून उचलली जाते त्यातली बहुतेक स्नायूंमध्येच जाते, तेव्हा मांड्या आणि पाठ यांना काम द्या. बैठका मारा, आजोबांच्या काळातल्या, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठ-बस. सुरुवातीला दहा, मग हळूहळू वाढवा. नुसतं सकाळी गप्पा मारत पार्कात दोन फेऱ्या आणि नंतर कोपऱ्यावर पोहे-चहा हा कार्यक्रम छान आहे, त्याला व्यायाम म्हणू नये.

एकूण किती फरक पडतो? अमेरिकेतल्या २००२ च्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये सात टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल एवढंच लक्ष्य होतं, डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी उतरलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने ३१. आपल्याकडे चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात खाण्यापिण्यातल्या आणि हालचालीतल्या बदलाने २८.५ टक्के आणि मेटफॉर्मिनने २६.४. आपला आकडा लहान आहे, आपली शरीरं हट्टी आहेत, पण तरी गोळीच्या बरोबरीने आहे. ७० किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे पाच किलो.

उरलेली लाकडं

तंबाखू, मिश्री, सिगारेट. सिगारेट ओढणाऱ्याचं व्हिटॅमिन सी इतकं खर्च होतं की अमेरिकेत त्यांना रोज ३५ मिलिग्रॅम जास्त घ्या असं सांगतात, आणि वर फिनलंडची गोष्ट वाचलीतच, गोळी घेऊन ते भरून काढायला जाऊ नका. मिश्री लावणाऱ्या आईला, सासूबाईंना कुणी विचारतच नाही, कारण ते व्यसन धरलं जात नाही, विचारा.

झोप. १९९९ मध्ये शिकागोत ठणठणीत तरुणांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिलं तर त्यांची साखर हाताळायची क्षमता चक्क ढासळली, सहा रात्रीत. रात्रपाळीवाल्यांना यावर फार उपाय नाही, पण निदान पाळीत मध्यरात्री बिर्याणी आणि पहाटे परत नाश्ता असं दोनदा जड होऊ देऊ नका.

डॉक्टरांनी आधीच गोळी दिली असेल तर

आपल्या मनाने बंद करू नका. फॅटी लिव्हरमध्ये खरीच सूज असलेल्या, डायबेटिस नसलेल्या लोकांना व्हिटॅमिन ई दिलं जातं आणि २०१० च्या मोठ्या ट्रायलमध्ये त्याने लिव्हर सुधारलंही, इन्सुलिन रेझिस्टन्स मात्र त्याने हलला नाही. म्हणजे ती गोळी लिव्हरसाठी आहे, तेवढ्यासाठीच, आणि किती दिवस घ्यायची हे विचारून घ्या, कारण लोक एकदा लिहून दिलेली चिठ्ठी पाच-पाच वर्षं मेडिकलमध्ये दाखवत राहतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर वर्षाकाठी बी१२ तपासा. दंडावर शुगरचा सेन्सर लावत असाल तर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने काही सेन्सरवर शुगर खोटी जास्त दिसते, बॉक्समधल्या कागदावर ते लिहिलेलं असतं, तो कागद आपण उघडत नाही.

परत कधी तपासायचं

तीन महिन्यांनी, त्याच्या आधी नाही. एचबीए१सी तसंही दोन-तीन महिन्यांचं सरासरी चित्र दाखवतं. तीच लॅब, तेवढेच तास उपाशी, आणि कमरेची टेप त्याच ठिकाणी. वहीत पाच आकडे लिहा: कंबर, फास्टिंग शुगर, फास्टिंग इन्सुलिन, ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल, जीजीटी. बहुतेक वेळा आधी ट्रायग्लिसराइड उतरतं, मग इन्सुलिन, वजनकाटा सगळ्यात शेवटी हलतो, म्हणून काट्याकडे बघून सोडून देऊ नका. होमा-आयआर ४.२ वरून ३.१ आलं तरी चांगलं चाललंय समजा, ते पहिल्याच फेरीत दोनच्या खाली यायला हवं असं काही नाही.

आणि तीन महिने थांबायचं नाही अशीही काही माणसं आहेत. फास्टिंग १२६ किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, खूप तहान आणि लघवी, न प्रयत्न करता वजन उतरतंय, पोटात बाळ आहे किंवा तयारी चालू आहे, असं काहीही असेल तर पेरू-आवळ्याचा प्रयोग चालू ठेवा पण अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या, आणि जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, व्हॉट्सअपवर शोधत बसण्यातच आपले पाच मिनिटं जातात.